सुरतच्या गाडीच्या कुमुदताई

महाडात जन्मून, महाडातच नोकरी करून, साठीला टेकली तरी रायगडावर न गेलेली बाई मी एकच पाहिली. कुमुदताई. आमच्याकडे कुणाच्या घरी पाहुणे आले की त्यांना गड दाखवायला नेतात. रोपवे झाल्यावर तर गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्याही वर जाऊन आल्या. कुमुदताईंना कुणी "चला" म्हटलं की त्या म्हणायच्या, "मला त्या रस्त्याला गाडी लागते." आंबेनळीच्या घाटातून महाबळेश्वरला जाताना खिडकीशी बसून निवांत शेंगा सोलणारी ही बाई. तिला नाते गावावरून जाणाऱ्या साध्या रस्त्याला गाडी लागावी, याचं सगळ्यांना नवल वाटायचं. पण कुमुदताईंना उलट विचारायची कुणाची टाप नव्हती.

त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. महाडच्या एक्स्चेंजमध्ये फोन हातानं जोडून द्यावे लागत, त्या काळापासून त्या बोर्डावर बसलेल्या. इतकी वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांची मान डावीकडे किंचित कललेली राहिली होती. त्यामुळे त्या नेहमी कुणाचं तरी लक्ष देऊन ऐकताहेत असं वाटायचं. बोलण्यातही खातं शिल्लक होतं. भाजीवाला मेथीचा भाव सांगून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, की या म्हणणार, "लाइनवर राहा. आधी जुडी सोडून दाखव." फोन दुसऱ्यांदा वाजलेला त्यांना सहन होत नसे. तेवढ्यातही उचलायच्या आधी दाढेखाली लवंग धरायच्या, पदर सारखा करायच्या, मग रिसीव्हर घ्यायच्या.

"समोरच्याला दिसतंय थोडंच, ताई?" मी एकदा म्हटलं.

"आवाजात दिसतं," त्या म्हणाल्या. "गबाळी बाई फोनवरही गबाळीच ऐकू येते."

आवाज मात्र खरंच असा, की रागावलेला माणूस दोन वाक्यांत खाली यायचा. त्यांना त्याचा गर्व होता आणि तो त्या लपवत नसत. लग्न केलेलं नव्हतं. भावाचा मुलगा मिलिंद, त्याची पोलादपूर ते सुरत अशी संध्याकाळची गाडी होती. महाड आणि पोलादपूर, आमच्या दोन्ही तालुक्यांतली पुष्कळ माणसं सुरतेला कारखान्यांत कामाला, त्यामुळे गाडी भरून जायची. महाडच्या एसटी स्टँडसमोर त्याचं छोटंसं बुकिंग ऑफिस होतं आणि निवृत्तीनंतर कुमुदताई तिथे बसू लागल्या. नावाला मदत म्हणून. प्रत्यक्षात ऑफिस त्यांचं आणि मिलिंद त्यांचा मदतनीस.

नव्या शतकाची सात-आठ वर्षं झाली असतील. मी महाडला संगणकाचे वर्ग चालवत होते, पोलादपुरात एक शाखा होती. मिलिंदनं माझ्याकडून गाडीची वेबसाइट करून घेतली. सुरतेत बसलेल्या माणसानं कॉम्प्युटरवर दिवस निवडायचा, सीट निवडायची, नाव-नंबर टाकायचा, की जागा राखली जायची. साइट सुरू झाली आणि महिन्याभरानं मिलिंद तक्रार घेऊन आला. "लोक येतात की नाही तेच कळत नाही."

मग मी अ‍ॅनॅलिटिक्स बसवलं. साइटच्या प्रत्येक पानाच्या तळाशी काही ओळी घालायच्या, त्या पान उघडणाऱ्यांची मोजदाद ठेवतात. किती जण आले, कुठल्या शहरातून आले, कुठल्या पानावर रेंगाळले आणि कुठून माघारी फिरले, हे दुसऱ्या दिवशी आलेखात दिसतं. ऑफिसात मी ते दाखवत होते तेव्हा मिलिंदचे डोळे चमकले. कुमुदताई मात्र खुर्ची मागे सरकवून बसल्या.

"हे म्हणजे ऐकणंच झालं की गं, वर्षा."

"ऐकणं नाही हो ताई. नुसते आकडे. माणूस कोण ते कळत नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "मग ठीक. आकड्याला आईबाप नसतात."

पुढे त्यांना त्यात गंमत वाटू लागली. सकाळी आल्या की आधी तो आलेख उघडायच्या. "काल बडोद्याहून कुणी आलं होतं. पाणी न पिताच गेलं," असं म्हणून हसायच्या. एकदा दुबईहून कुणी साइट उघडलेली दिसली, तर दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "आमची गाडी दुबईत पोचली."

आलेखात एक गोष्ट रोज दिसायची. लोक दिवस निवडत, सीट निवडत आणि नाव-नंबराच्या पानावर आले की निघून जात. मिलिंदला ते झोंबायचं. दारापर्यंत आलेलं गिऱ्हाईक परत जातं म्हणजे काय!

"कोण गेलं ते कळेल अशी सोय कर," तो मला म्हणाला. "नाव-नंबराचं पान सगळ्यात आधी आण. मग कुणी सीट अर्धवट सोडली तर आपण फोन करू. आत्याचा आवाज ऐकल्यावर नाही कोण म्हणणार?"

मी पानांची अदलाबदल करून दिली. कुमुदताईंनी पुन्हा खुर्ची मागे सरकवली. पण भाच्यानं आवाजाचं कौतुक केलं होतं, आणि फोन म्हटला की त्यांचा हात आपोआप रिसीव्हरकडे जायचा. सुरुवातीचे फोन तर मजेचेच झाले. बडोद्याच्या एका आजोबांनी आपल्या दातदुखीची सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी सगळ्या कुटुंबाच्या जागा राखून घेतल्या. मिलिंदनं पेढे आणले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी प्रिंटर दुरुस्त करायला ऑफिसात बसले होते. कुमुदताईंनी लवंग तोंडात टाकली, पदर सारखा केला आणि पडद्यावर पाहून नंबर फिरवला.

"नमस्कार. सुरतच्या गाडीच्या ऑफिसातून बोलतेय. आपल्याकडून सुवर्णा या नावानं शनिवारची एक सीट निवडलेली आहे. ती पक्की करायची का?"

पलीकडून पुरुषाचा, वयस्क आवाज आला. इतका मोठ्यानं, की तो मलाही ऐकू आला.

"कोन बोलतंय? आमच्या घरातून सुरतला कोन जानार नाय."

फोन आपटला गेला. कुमुदताईंनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. पुढचा नंबर पडद्यावर होता, तो त्यांनी फिरवला नाही. तोंडातली लवंग काढून कागदात गुंडाळली आणि म्हणाल्या, "मी घरी जाते." दुपारचे तीनही वाजले नव्हते.

सुवर्णा हे नाव ऐकून मी चपापले होते. त्या नावाची एक मुलगी माझ्या पोलादपूरच्या वर्गात होती. पोलादपूरजवळच्या कापडे गावची सून. नवरा सुरतेला, घरी सासू-सासरे आणि भातशेती. फॉर्म भरायचा सराव म्हणून मी वर्गात मिलिंदची साइटच उघडायला सांगत असे. तिच्याकडे मोबाइल नव्हता, तेव्हा नंबर घरचाच टाकला असणार. पण सराव सगळेच करत आणि शेवटी तो फॉर्म मी पुसून टाकत असे. हा राहिला होता, म्हणजे तिनं तो वर्ग सुटल्यावर पुन्हा उघडला होता.

पुढच्या वर्गाला सुवर्णा आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. तिच्याबरोबर रिक्षानं येणारी पोरगी म्हणाली, "मॅडम, तिला आता पाठवनार नाय. सुरतचं तिकीट काढलं व्हतं म्हने तिनं, गुपचूप. सासरा लई भडकलाय."

हे कुमुदताईंना सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. मग त्यांच्या घरी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. सांगून झालं तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मला तो आवाज ऐकल्याबरोबर कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तसाच आवाज मी पूर्वी ऐकलाय."

आणि मग त्यांनी नाते गावातल्या मुलीची गोष्ट सांगितली. कुमुदताई बोर्डावर होत्या तेव्हाची. ती मुलगी महाडला कॉलेजात यायची आणि गावातल्या दुकानातून पुण्याच्या एका मुलाला फोन लावायची. जोडून द्यायच्या कुमुदताई. जोडून दिलं की बाजूला व्हायचं, हा खात्याचा नियम. एके दिवशी त्या बाजूला झाल्या नाहीत. दोघं पळून जायचं ठरवत होती. मुलगी कोवळी, मुलगा कोण कुठला, आपल्या पोरीसारखी पोर, असं म्हणून कुमुदताईंनी तिच्या बापाला फोन लावला.

"बाप एवढंच म्हणाला, 'आमच्या घरातलं कोणी कुठे जाणार नाही.' आणि ठेवला. कॉलेज बंद झालं. लगोलग लग्न लावून दिलं. कुठे दिली, कशी आहे, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बोटांत फिरवला. "त्या रस्त्याला मला गाडी लागत नाही गं. ते घर रस्त्यालाच आहे."

मी म्हटलं, "पानं मी बदलली होती, ताई."

"फोन मी केला," त्या म्हणाल्या. "त्यात वाटेकरी नको." आणि उठल्या. "तुझी स्कूटर आहे ना? उद्या मला कापड्याला ने."

वाटेत मी त्यांना एक युक्ती सांगितली. मी वर्गाची मॅडम म्हणून सांगेन की ते तिकीट सरावाचं होतं, पोरीनं काही ठरवलेलं नव्हतं. सगळं मिटेल, तिचा वर्गही सुरू होईल. कुमुदताई मागं बसून ऐकत होत्या. पोलादपूर मागं पडलं, कापड्याची भातखाचरं दिसायला लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सांगायचं तर मीच सांगेन. खोटं बोलायचंय, तर तेही माझ्याच तोंडून जाऊ दे."

सासरे ओटीवर सुंभ वळत बसले होते. आम्हाला पाहून उठले नाहीत, पण सासूबाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. कुमुदताईंनी पाणी घेतलं, पदर सारखा केला आणि आपल्या त्या आवाजात सुरुवात केली. फोन मी केला होता. चूक माझी. या मॅडम वर्गात पोरींकडून तिकिटाचा सराव करून घेतात, तो फॉर्म चुकून आमच्याकडे राहिला. तुमच्या सुनेचा काही दोष नाही.

सासऱ्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी सुंभ खाली ठेवलं. "आता असं व्हय," ते म्हणाले. "मंग कायच प्रश्न नाय. आमी उगाच पोरीला बोललो. येऊ दे तिला सोमवारपासून."

मी निघायला म्हणून स्कूटरची किल्ली काढली. तेवढ्यात सुवर्णा माजघराच्या दारात आली. हात राखेनं माखलेले होते, भांडी घासताना उठली असावी.

"सराव नव्हता तो," ती म्हणाली. "मी खरंच जानार होते."

सासऱ्यांनी खाली ठेवलेलं सुंभ पुन्हा हातात घेतलं.

"आत जा," सासरे म्हणाले.

"जाते. पन या बाय माझ्यासाठी खोटं बोलतायत, ते मला नको. हे गणपतीला आले नाय, शिमग्याला आले नाय. फोन केला तर उचलत नाय. तुमाला सगळं ठाऊक हाय आन मला कोन सांगत नाय. मला माझ्या डोल्यांनी बघायचंय."

सासरे ताडकन उठले. पण त्यांच्या आधी सासूबाई बोलल्या. तोवर त्या खांबाशी टेकून अंगाचं मुटकुळं करून बसल्या होत्या, त्या घरात आहेत हेही मी विसरले होते.

"जाऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "मी पन जानार हाय."

"तुला काय वेड लागलंय?"

"माझा पोर हाय तो. त्याला बघायला मी कोनाला इचारू?" त्या खांब धरून उभ्या राहिल्या. "वरीस झालं, तुमी सांगताय कामात हाय, कामात हाय. ही पोर रोज माझ्या ताटात भात वाढते. तिच्या तोंडाकडं बघवत नाय मला."

सासऱ्यांनी पायात वहाणा सरकवल्या आणि शेताकडे निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. कुमुदताई इतका वेळ खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनी सुवर्णाकडे पाहून हात जोडले. सुवर्णानं ते पाहिलं आणि ती आत भांड्यांकडे वळली.

शनिवारी दोघी पोलादपूरच्या स्टँडवर आल्या, सासूबाई नव्या लुगड्यात, सुवर्णा एक पिशवी घेऊन. महाडला कुमुदताई त्याच गाडीत चढल्या. मिलिंदला वाटलं, आत्या सोबत म्हणून चालली आहे. सुरतेत काय घडलं ते मला पुढे सुवर्णानंच सांगितलं. पत्ता शोधून देईपर्यंत कुमुदताई बरोबर होत्या. चाळ सापडली, खोली सापडली, तशा त्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. सासूबाईंनी चला म्हटलं तर म्हणाल्या, "तुमच्या घरातलं बोलणं आहे. माझ्या कानावर नको."

खोलीत दुसरी बाई होती आणि रांगतं मूल होतं. नवरा कामावरून येईपर्यंत तिघी बायका एकमेकींसमोर बसून राहिल्या. तो आल्यावर सासूबाईंनी त्याला आवाज चढवून एक शब्द विचारला नाही. त्या पोराला मांडीवर घेऊन थोडा वेळ बसल्या, मग ते त्याच्या आईकडे दिलं आणि मुलाला म्हणाल्या, "ही सुवर्णा माझ्याकडं राहील. तू येऊ नको." दोघी परतीच्या गाडीनं कापड्याला आल्या. सासऱ्यांनी पुष्कळ दिवस बोलणं टाकलं होतं, मग हळूहळू तेही निवळलं. सुवर्णानं कोर्स पुरा केला. पोलादपुरातल्या एका पतसंस्थेत ती कॉम्प्युटरवर बसायला लागली. सकाळी सासू तिला रिक्षापर्यंत सोडायला यायची.

ही हकिकत गावात पसरली तेव्हा लोक कुमुदताईंना म्हणायचे, "तुमच्या फोनमुळे पोरीचं भलंच झालं." त्या एरवी कौतुकाला हपापलेल्या, पण यावर चिडायच्या.

"भलं त्या दोघींनी केलं," त्या म्हणायच्या. "मी दुसऱ्याचं गुपित तिसऱ्याच्या कानात घातलं. दुसऱ्यांदा. पहिलीला अशी सासू मिळाली की नाही, ते कुणी सांगेल मला?"

मी एकदा धीर करून म्हटलं, "नाते गावाला जाऊन विचारायचं का? मी येते तुमच्याबरोबर."

"विचारून काय होईल? सुखात असेल तर तिला जुनं आठवेल. नसेल तर घरच्यांना. मला बरं वाटावं म्हणून त्यांच्या दारात जाऊ?" त्यांनी मान हलवली. "नको. माझं मला राहू दे."

सुवर्णा माझ्याशी मात्र एकदा बोलली. "मला त्या बायचा राग नाय," ती म्हणाली. "पन त्या फोननंतर घरात जे झालं, ते मलाच ठाऊक. त्यांना सांगू नका." मी सांगितलं नाही. कुमुदताईंनी ते मनात केव्हाच पाहिलेलं असणार, असं मला वाटतं.

सुरतेहून आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मिलिंदला समोर बसवून बजावण्याचं. नाव-नंबराचं पान पुन्हा शेवटी जाईल, आणि अर्धवट सोडलेल्या कुणालाही फोन जाणार नाही. मिलिंदनं हुज्जत घातली. गिऱ्हाईक जातं, धंदा असा चालत नाही, सगळेच हल्ली फोन करतात.

"मग आवाजाला दुसरी बाई बघ," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मी पानं जागच्या जागी लावली. अ‍ॅनॅलिटिक्स तसंच ठेवलं. आलेख त्या अधूनमधून बघायच्या, पण पूर्वीसारखं हसणं नव्हतं. शेवटच्या पानावरून माघारी गेलेल्यांचा आकडा तसाच मोठा असायचा. त्यावर बोट ठेवून एकदा म्हणाल्या, "फिरू देत परत. त्यांचे त्यांना विचार असतील."

पुढे मोठ्या कंपन्यांच्या साइट आल्या. सगळ्या गाड्यांची तिकिटं एकाच ठिकाणी मिळू लागली आणि मिलिंदनं ऑफिस बंद केलं. मीही वर्ग सोडून पनवेलला आले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पोलादपूरच्या एसटी स्टँडवर. उन्हाळ्याची दुपार होती, मी महाबळेश्वरच्या गाडीत खिडकीशी बसले होते. कुमुदताई शेडखाली बाकावर होत्या, कडक इस्त्रीची साडी, मान तशीच डावीकडे कललेली. पुष्कळ वाळल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक तरुण येऊन बसला आणि मोबाइलवर बोलायला लागला. काहीतरी घरचं, रडवेलं. बोलताना तो कपाळाला हात लावत होता.

कुमुदताईंनी पिशवी उचलली. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि शेड सोडून भर उन्हात गेल्या. सावली दुसरीकडे कुठेच नव्हती. तिथे त्या पाठ फिरवून, डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. मी हाक मारायला खिडकीची काच सरकवत होते, तेवढ्यात आमची गाडी निघाली. वळणावरून मागं पाहिलं तेव्हा त्या उन्हातच उभ्या होत्या. तो पोरगा अजून बोलत होता.